टाकीचं पाणी खराब वाटतंय: मीटिंगमध्ये लगेच बोलावं की आधी तपासावं?

रामबागकर
इंदूरच्या सोसायटीत कोणी 'टाकीचं पाणी पिऊ नका' म्हणालं की हशा ठरलेला. "स्वच्छतेत देशात पहिला नंबर आहे भिया, तुम्हालाच बरे जंतू दिसतात!" नंबर शहराला मिळाला, आपल्या गच्चीवरच्या टाकीत डोकावून नव्हे. पाण्याला वास आला की त्याच दिवशी बोलावं. 'उद्यापर्यंत उकळून प्या' सांगायला रिपोर्ट कशाला हवा?

मल्हारगंज
अजिबात पटलं नाही. एकदा ओरड फुकट गेली की पुढच्या खऱ्या वेळी कुत्रंही विचारत नाही. आधी मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेला क्लोरीन, बघा. नळ आल्यावर चार ठिकाणी: मेन लाइन, खालचा हौद, वरची टाकी, स्वयंपाकघर. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. लाइनला आहे आणि हौदात शून्य, तर घोळ हौदातच: तळाचा गाळ क्लोरीन खातोय, नाहीतर शेजारच्या ड्रेनेज चेंबरचं पाणी झिरपतंय.

मग नमुना. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, 2-3 मिनिटं पाणी वाहू द्या. बाटली लॅबचीच घ्या आणि कृपा करून ती खंगाळू नका! आतलं थायोसल्फेट क्लोरीन मारायला असतं. ते गेलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत पोचवा. 100 मिलीत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही चालत नाही.

पागनीस पागा
आकडे दाखवले की हसणारे गप्प बसतात? डॉक्टर सेमेलवाइसला विचारा. व्हिएन्ना, 1847. त्याच्या वॉर्डात एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. मेपासून डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, जूनमध्ये प्रमाण दोनावर आलं. तरी 'तुमचेच हात घाण' हे डॉक्टरांच्या पचनी पडलं नाही.

मल्हारगंज
अर्धीच गोष्ट सांगितलीत. हे सगळं मांडणारं त्याचं पुस्तक आलं थेट 1861 मध्ये! नंतर खुल्या पत्रांतून विरोधकांना खुनी म्हणाला. मीटिंगमध्ये सेक्रेटरीला असं म्हणून बघा, हौद राहील बाजूला.

रामबागकर
मग डॉक्टर जॉन स्नो घ्या. लंडन, 1854, कॉलऱ्याची साथ. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्यात त्याला ठाम असं काहीच सापडलं नव्हतं. मृतांचे पत्ते पंपाभोवती दाटलेत, एवढंच दाखवलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा निघाला. तुमच्या बर्फाच्या डब्याची वाट बघितली असती तर? कोणत्या विंगमध्ये कितीजणांना जुलाब, ही यादी एका संध्याकाळी होते.

पागनीस पागा
यादी करा, पण हसण्यामागचं गणित वेगळंच असतं. हौद फोडून बांधायचा म्हणजे मेंटेनन्स वाढणार. फ्लॅट विकायला काढलेला माणूस सगळ्यात मोठ्याने हसतो.

छत्रीबाग
वाद चालू द्या, तोवर 10,000 लिटरला 25 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. कोरडी ओतू नका; बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाका, अर्धा तास थांबा. उघडं पडलेलं जुनं पोतं असेल तर त्यात जोर उरलेला नसतो. आणि पाझर असेल तर दुसऱ्या दिवशी क्लोरीन परत शून्य. रामबागकर, हौदापासून चेंबर किती फुटांवर आहे?