मदत हवी आहे: ग्रामीण रुग्णालयातले कर्मचारी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करत नाहीत

प्रश्न (हिंगोली): ३० खाटांच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आहे. सिस्टर आणि लॅबवाले पहिला डोस घेतात, पण तिसऱ्यापर्यंत फार थोडे पोचतात. कंत्राटी सफाई कामगार सुरुवातीलाच नाही म्हणतात. कारणं अशी: "मला कावीळ होऊन गेली", "मी गरोदर आहे", "तपासणीत काही निघालं तर ठेकेदार काढून टाकील". ज्यांचा दुसरा डोस वर्षापूर्वी झाला त्यांना पुन्हा पहिल्यापासून द्यायचं का?

लातूरकर डॉक्टर: नाही, राहिलेला तिसरा डोस लगेच द्या. वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. उशीर झाला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत. फक्त घाई नको: पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात ८, पहिल्या-तिसऱ्यात १६. मोठ्यांना १ मिली, दंडाच्या स्नायूत. कमरेत टोचलं की प्रतिसाद कमी मिळतो, आणि मग "लस घेऊनही टायटर (रक्तातली संरक्षक प्रतिपिंडांची पातळी) आला नाही" ही बातमी वॉर्डभर फिरते. टायटर तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत करा. १० mIU/ml किंवा जास्त आला की झालं, पुढे काही वर्षांनी कमी दिसला तरी बूस्टर लागत नाही. १० च्या खाली असेल तर तीन डोस पुन्हा.

अंबाजोगाईची सिस्टर: ताई, काविळीचा मुद्दा सगळ्यात आधी सोडवा, कारण आपल्याकडे तोच खरा अडसर आहे. दुष्काळात टँकरच्या किंवा फुटलेल्या पाइपलाइनच्या दूषित पाण्यातून होते ती कावीळ बहुधा ए किंवा ई. ती होऊन गेली तरी बीपासून काहीच संरक्षण नाही. मावशींना इतकंच सांगा: ती पाण्याची, ही रक्ताची. गरोदरपणात ही लस चालते, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. मागच्या डोसला किंवा यीस्टला तीव्र ॲलर्जी झालेल्यांना मात्र देऊ नका.

ठेकेदाराची भीती खोटी म्हणून झटकू नका. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या, यादी भिंतीवर लावू नका. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयाची जबाबदारी आहे, कंत्राटी असले तरी. आणि लस रात्रपाळी सुटताना, वॉर्डातच द्या. ओपीडीच्या रांगेत कुणी थांबत नाही.

परभणीचा लॅब टेक्निशियन: एक गोष्ट कुणी सांगत नाही. डोसनंतर साधारण १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूचा पृष्ठभागावरचा प्रतिजन, ज्यावरून लागण ओळखतात) तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण लसीत तोच प्रतिजन असतो. तपासणी करायचीच तर डोसआधी करा, किंवा नंतर महिनाभर थांबा. असा एक रिपोर्ट आला की अख्खी पाळी लस नाकारते. साठवणही बघा: २ ते ८ अंश, गोठलेली कुपी फेकायची. शंका असेल तर शेक टेस्ट (कुपी हलवून, ती गोठून खराब झाली का ते बघायचं).

प्रश्नकर्ती: आणि लस न घेतलेल्याला सुई टोचली तर?

लातूरकर डॉक्टर: साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. रुग्णाचा एचबीएसएजी तातडीने बघा. पॉझिटिव्ह असेल तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) वजनाच्या किलोमागे ०.०६ मिली, शक्यतो २४ तासांत, आणि दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस त्याच वेळी. लस न घेतलेल्याला अशा टोचण्यातून हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीची ०.३ टक्के. हे दोन आकडे इंजेक्शन रूममध्ये नीडल कटरच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.