मदत हवी आहे: बीचवुड झायलन कापणारं एन्झाइम गव्हाच्या झायलनला शिवतही नाही

कडबाकुट्टी:
नमस्कार मंडळी. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राचं शेवटचं सत्र, प्रबंध महिन्याभरात द्यायचाय आणि माझं गणित फसलंय.

शेणातून वेगळ्या केलेल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची झायलनेझं (झायलन, म्हणजे वनस्पतींमधली झायलोज साखरेची लांब साखळी, कापणारी एन्झाइमं) ज्वारीच्या कडब्यावर चालवून बघतेय. कॉलमवर दोन एन्झाइमं वेगळी झाली. जेलवर एकाचा बँड साधारण २० किलोडाल्टनला, दुसऱ्याचा ४३ च्या आसपास. लहान ते जीएच ११, मोठं ते जीएच १० (जीएच म्हणजे साखरेचे बंध तोडणाऱ्या एन्झाइमांची कुळं), असं मी लिहूनही टाकलं. जीएच ११ म्हणजे अर्धवट मिटलेला उजवा हात; बोटं आणि अंगठा यांच्यात अरुंद खाच, त्यात साखळीचा मोकळा भागच बसतो. जीएच १० ची खाच उथळ, बाजूला अरॅबिनोज ही दुसरी साखर लटकलेली असलं तरी चालवून घेते.

म्हणजे गव्हाच्या अरॅबिनोझायलनवर मोठं एन्झाइम सहज चालायला हवं. झालं उलटंच. डीएनएस (साखळीची कापलेली टोकं रंगाने दाखवणारं रसायन) घालून पाच मिनिटं उकळलं, तर लहानाच्या नळ्या विटकरी लाल आणि मोठ्याच्या ब्लँकसारख्या, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या नळीसारख्या, पिवळ्या. तीनदा केलं. एन्झाइम मेलं म्हणावं, तर तेच त्याच दिवशी बीचवुड (बीच झाडाच्या लाकडाच्या) झायलनवर चालतं. कडब्याच्या झायलनवर अगदी थोडंसं.

अजून एक. बीचवुडच्या टीएलसीत (कापलेले तुकडे वेगळे करून दाखवणारी प्लेट) लहानाच्या लेनमध्ये झायलोबायोज, झायलोट्रायोजचे (दोन-तीन झायलोजच्या तुकड्यांचे) ठिपके स्पष्ट. मोठ्याच्या लेनमध्ये ठिपका नाहीच, खालच्या रेषेपासून नुसता ओघळ. आमचे गाइड म्हणाले, प्लेट खराब आहे. अहो, शेजारची लेन चांगली आलीय! सीक्वेन्सिंगला पैसे नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

जुनी पिपेट:
प्लेट चांगली आहे, फेकू नका. मोठं एन्झाइम बहुधा जीएच ३० आहे. सबटिलिसच्या १६८ या स्ट्रेनमध्ये जीएच १० नाहीच. तिथे झिनए हे एन्झाइम जीएच ११ चं आणि झिनसी जीएच ३० चं; वजनं तुमच्या बँडशी जुळतात. नुसत्या वजनावरून कुळ ठरवायची चूक आम्हीही केलीय.

गंमत अशी की जीएच १० आणि जीएच ३० या दोघांचा गाभा एकच, आठ बीटा पट्ट्यांचं पिंप. कापायलाही दोघांकडे ग्लुटामेट या अमिनो आम्लाची जोडी. फरक खाचेच्या काठाशी आहे. झिनसीत २७२ व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं, धन भाराचं. ते साखळीला फांदीसारख्या लटकलेल्या मिथाइल ग्लुकुरॉनिक आम्लाचं ऋण कार्बोक्सिल धरून ठेवतं. ही फांदी हाताला लागली तरच साखळी नीट बसते, आणि फांदीवाल्या झायलोजच्या पुढचं एक झायलोज सोडून काप पडतो.

बीचवुडला अशा फांद्या ठिकठिकाणी असतात. गव्हाच्या पिठातल्या झायलनला अरॅबिनोजच, मग आर्जिनिन धरणार काय? कडब्यात दोन्ही, पण अरॅबिनोजचीच गर्दी. फांदी असेल तिथेच काप, त्यामुळे तुकडे लांब आणि आम्लधर्मी, म्हणून तो ओघळ. डीएनएस तर कापलेली टोकं मोजतं. तुकडे लांब म्हणजे टोकं कमी. बीचवुडवरही मोठ्याचा आकडा लहानापेक्षा कमीच आला असेल, बघा.

जेलमधला ४३ चा बँड कापून मास फिंगरप्रिंटला (तुकड्यांच्या वजनांवरून प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीला) द्या. सगळा जीनोम करायची गरज नाही.

कडबाकुट्टी:
बीचवुडचा आकडा खरंच कमी आहे, मी तो प्रोटीनच्या मोजमापातली चूक समजून खोडला होता! सर की मॅडम माहीत नाही, पण मनापासून आभार. आता अरॅबिनोजच हवं असणारं एन्झाइमही असतं का? कडब्याला तेच लागेल.

जुनी पिपेट:
मॅडम. असतं. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमचं जीएच ५ कुळातलं अरॅबिनोझायलनेझ बघा. कापाच्या अगदी लगतच्या झायलोजवर अरॅबिनोज असल्याशिवाय ते काम करत नाही. त्या साखरेसाठी खाचेत खास कप्पाच आहे. पण ते पुढच्या प्रबंधाला ठेवा. आधी ती खोडलेली ओळ वहीत परत लिहा, तारखेसकट.