एवढ्याशा सर्चला प्रिपेअर हवंच

अर्धविराम:
पीएचपी भाषेतून मायएसक्यूएल डेटाबेसात आडनाव शोधणारा सर्च चालत नाही, या प्रश्नावर काल इथे एकाने सल्ला दिला: "सर्च चालत नसेल तर सिंगल कोट काढून डबल कोट घाला, व्हेरिएबल आपोआप भरलं जातं. एवढ्याशा सर्चला प्रिपेअर कशाला?" हे निम्मंच खरं आहे, आणि घात त्यातच आहे. प्रिपेअर म्हणजे क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, किमतीच्या जागी ? ठेवून किंमत वेगळी देणं. पीएचपीत सिंगल कोटमधलं $आडनाव जसंच्या तसं मायएसक्यूएलकडे जातं, म्हणून शून्य ओळी येतात. डबल कोटने किंमत भरली जाते, मान्य. पण वसईतल्या किंवा गोव्यातल्या कुणी डी'सूझा टाइप केलं की क्वेरी बनते: लाइक '%डी'सूझा%' (लाइक म्हणजे मजकुराशी जुळवणं, % म्हणजे तिथे काहीही चालेल). डी नंतर स्ट्रिंग संपली, पुढचं उघड्यावर, सिंटॅक्स एरर. जिथे साधं आडनाव क्वेरी मोडतं, तिथे मुद्दाम घातलेलं युनियन सिलेक्ट (दुसरी क्वेरी जोडणारं कलम) दुसरं टेबलही वाचून दाखवतं.

म्हणून प्रिपेअर करताना लाइक ? असं अवतरणाशिवाय मोकळं लिहा. '%?%' लिहाल तर ते प्रश्नचिन्ह निव्वळ अक्षर ठरतं. टक्के किमतीत घाला: $शोध = "%$आडनाव%"; आणि एक्झिक्यूट([$शोध]).

रानवारा:
असहमत. कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरांची संकेतप्रणाली) नीट लावला आणि किंमत अवतरणात ठेवली, तर रिअल एस्केप स्ट्रिंग (किमतीतल्या अवतरणांआधी बॅकस्लॅश घालणारं फंक्शन) पुरतं. प्रिपेअरचं एवढं कौतुक करताय, तर पीडीओत (पीएचपीच्या डेटाबेस जोडणीत) लिमिट ? ला, म्हणजे किती ओळी हव्यात त्याला, एक्झिक्यूटच्या अ‍ॅरेतून 10 देऊन बघा. मायएसक्यूएलला इम्युलेशन (? च्या जागी किंमत पीडीओनेच भरणं) मुळातच चालू असतं, 10 चं '10' होतं आणि 1064, म्हणजे सिंटॅक्स एरर येते. ऑर्डर बाय ? तर त्याहून वाईट: एररही नाही, सॉर्टिंगही नाही. नवशिके तासन्‌तास शोधत बसतात.

अर्धविराम:
"किंमत अवतरणात ठेवली तर", इथेच तर पाय घसरतो. व्हेअर क्रमांक = $क्रमांक, आणि आलं 0 ऑर 1=1. एस्केप करायला त्यात एकही अवतरण नाही, सगळं टेबल बाहेर. लिमिटला बाइंडव्हॅल्यू आणि पॅरॅम इंट वापरा, म्हणजे किंमत आकडा म्हणूनच जाते. ऑर्डर बायला कॉलमची ठरलेली यादी ठेवावीच लागते, तेवढा तुमचा मुद्दा घेतो.

रानवारा:
आणि शोधात कुणी नुसतं % किंवा _ टाकलं तर? बाइंड केलं (? ला किंमत दिली) तरी ते वाइल्डकार्डच, म्हणजे कशाशीही जुळणारं चिन्हच राहतं.

अर्धविराम:
राहतं. त्यासाठी बाइंडच्या आधी %, _ आणि बॅकस्लॅश, तिन्हींच्या आधी एकेक बॅकस्लॅश घाला. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसात एस्केप कलमही लिहावं लागतं. पण तेवढ्यावरून किंमत क्वेरीत थेट घुसडणं बरोबर ठरत नाही.

शिरोरेघ:
तुमचं चालू द्या, पण मराठी सर्च या सगळ्यानंतरही आंधळाच राहतो. वऱ्हाडे शोधा. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र म्हणजे ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) असतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर एकच शब्द, टेबलात दोन.

रानवारा:
युनिकोड सीआय कोलेशन (अक्षरं सारखी कधी मानायची याचे नियम) लावा, विषय संपला. धागा कशाला भरकटवताय?

शिरोरेघ:
संपत नाही! लाइक अक्षराअक्षराने जुळवतो, त्याचा निकाल = पेक्षा वेगळा येऊ शकतो. आणि हे भरकटणं नाही. माणसाला स्वतःचं आडनाव सापडत नसेल तर ती क्वेरी नापासच. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच फंक्शन चालवा. आधी एनएफसी (युनिकोडचं एकच ठरीव रूप), त्याने र आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून एक ऱ होतो. झेडडब्ल्यूजे मात्र एनएफसीने जात नाही. म्हणून र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ-हलन्त करा, आणि उरलेले झेडडब्ल्यूजे त्यानंतरच पुसा. क्रम उलटा केलात तर वऱ्हाडेचा वर्हाडे होतो, रफार वर चढतो, आणि मूळ काय होतं ते परत कळायला मार्ग नाही.

अर्धविराम:
हे माझ्या उत्तरात नव्हतं. असायला हवं होतं. वर्डमधून चिकटवलेल्या डी’सूझातलं वळणदार अवतरणही त्याच फंक्शनमध्ये सरळ करून घ्या.

रानवारा:
ठीक, नव्या कोडला प्रिपेअर. जुन्या कोडबद्दल माझं मत तेच. पण सुरुवातीचा % तरी काढा, राव. '%शब्द%' ला आडनावावरचा इंडेक्स (क्रमवार सूची) नेमका शब्द शोधून देऊ शकत नाही, ओळन् ओळ तपासावी लागते. 'शब्द%' ला तो कामी येतो.

शिरोरेघ:
आडनावाला काढा. पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव मध्येच असतं, तिथे नाही चालणार.