मदत हवी आहे: भाताच्या खाचरात तरंगणाऱ्या सुरळ्या, पांढरे पतंग आणि खालच्या खाचराचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ डोंगरउतारावर आमचं थोडं भात आहे. वरची तीन खाचरं आमची, त्याखालची दोन शेजारच्या काकींची. आमचं पाणी उतरतं ते थेट त्यांच्यात. लावणी होऊन १८ दिवस झाले.

परवा मधल्या खाचरात पातीची टोकं कात्रीने कापावीत तशी सरळ कापलेली दिसली. उरलेल्या पातीवर पांढरे पापुद्रे, हिरवा भाग खरवडून खाल्लेला. गावात निळे भुंगेरे म्हणाले, पण शोधून एकही भुंगेरा मिळाला नाही. खाली वाकून पाहिलं तर पाण्यावर पातीच्याच सुरळ्या तरंगत होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या. वाऱ्याने सगळ्या एका बांधाशी जमलेल्या, आणि तिथलंच भात सगळ्यात जास्त खाल्लेलं.

चार सुरळ्या शेतातल्या पाण्यासकट बरणीत ठेवल्या, दोन पाती खोचून. दिवसा काही हालचाल नाही. रात्री बॅटरी मारली तर सुरळी पाठीवर घेऊनच अळी पातीवर चढत होती, गोगलगाय शंख घेऊन चालते तशी. एक सुरळी नखाने हळूच उसवली. आत रेशमाचं अस्तर. अळी फिकट हिरवी, जवळजवळ आरपार दिसणारी, डोकं तपकिरी. आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या धाग्यांचे झुबके! हे कल्ले असावेत का? अळीला कल्ले असतात हे मी आजवर ऐकलं नव्हतं. सकाळपर्यंत तिने बरणीतल्या पातीचं टोक कापून नवी सुरळी केली होती.

पडवीतल्या दिव्याशी याच दिवसांत छोटे पतंग येतात. पंख पसरले तर जेमतेम दीड सेंटीमीटर, दुधासारखे पांढरे, वर फिकट तपकिरी-काळसर ठिपके. ते हिचेच का?

खरी अडचण पुढे आहे. सगळे सांगतात, बांध फोडून पाणी सोड. पण मी पाणी सोडलं की सुरळ्या काकींच्या खाचरात जाणार. त्यांची लावणी उशिरा झाली, रोपं अजून कोवळी आहेत. घरात त्या एकट्याच राबणाऱ्या. रॉकेल टाकायला मन धजत नाही, खाचरात बेडूक आणि मासे आहेत. काय करू?

प्रतिसाद १

दादा, ही सुरळीतील अळी. धागे म्हणजे कल्लेच, आणि ते पांढरे पतंगही तिचेच. मादी पाण्यावर टेकलेल्या पातीच्या खालच्या बाजूला अंडी घालते, म्हणून पाणी साचलेल्या खाचरातच ही येते. अळी साधारण तीन आठवडे खाते, मग शेवटच्या सुरळीत, चुडाच्या बुंध्याशी चिकटून कोष करते. आठवडाभराने पतंग.

पाणी सोडायचंच, पण आधी दोरी. दोघांनी समोरासमोरच्या बांधांवर उभं राहून काथ्याची दोरी भाताच्या शेंड्यांवरून ओढत न्या, सुरळ्या पाण्यात पडतात. बांध फोडाल तिथे मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना ताणून लावा. सुरळ्या तरंगतात, म्हणून जाळीत अडकतात. गोळा करून उन्हात टाका. आधी जाळी, मगच बांध, हे विसरू नका. मग दोन-तीन दिवस खाचर कोरडं राहू द्या. कल्ले असलेल्या अळीला पाण्याविना जगता येत नाही.

फुटवे जोमात आले की भात यातून सावरतं. घाबरून फवारणी करू नका.

धागालेखक

मनापासून आभार. जाळीचं डोक्यातच आलं नव्हतं. काकींना सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘दोरीचं एक टोक मी धरते, आधी तुझं करू, मग माझं.’ घरात फाटकी मच्छरदाणी आहे, तीच दुहेरी करून लावतो. फक्त पाऊस थांबायला हवा, आज सकाळपासून झोडपतोय. पाऊस चालू असताना निदान दोरी ओढून बांधाशी जमलेल्या सुरळ्या सुपाने काढत राहिलं तर चालेल ना? कुणी केलं असेल तर सांगा, बांध उघडीप झाल्यावरच फोडेन.