अक्कल आणि उंटाची दोरी

रानवाट
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. अरबी शब्दाला म्हणे चार अर्थ असतात, एक खरा, एक त्याच्या उलटा, एक उंटाचा आणि एक चारचौघांत न बोलण्यासारखा, म्हणून त्या भाषेतून वाट्टेल ते काढता येतं. खाली नुसते हसरे चेहरे. मी चौदा वर्षं ओमानात काढली, मला राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपलाच शब्द घ्या, अक्कल. मूळ अरबी अक़्ल, धातू म्हणजे मुळाची तीन अक्षरं ऐन-क़ाफ़-लाम. त्यातूनच इक़ाल, म्हणजे उंटाचा पाय बांधायची दोरी. ओमानातल्या इब्री गावाच्या पुढे आमची गाडी बंद पडली तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हाताऱ्याने उंट बसवला, पुढचा पाय गुडघ्यात दुमडला, दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारली. मग उंट उठला आणि तीन पायांवर लंगडत चरायला लागला, पण लांब काही जाता येईना त्याला. अडवून धरणं, बस्स. एतिक़ाल म्हणजे अटक, मुअतक़ल म्हणजे कैद्यांची छावणी, माक़िल म्हणजे गढी, अरबांच्या डोक्यावरचं काळं कडं तेही इक़ाल. खुनाच्या भरपाईलाही अक़्ल म्हणायचे, कारण भरपाईचे उंट मयताच्या वारसांच्या अंगणात आणून बांधायचे, आणि वर्गणी काढून ती भरणारी भाऊबंदकी ती आक़िला. मनाला भरकटू देत नाही ती अक्कल. १००४ साली वारलेल्या इब्न फ़ारिस या अरबी कोशकाराने आपल्या कोशात या धातूचं मूळ एकच दिलंय. यात वाट्टेल ते कुठंय?

कोशकिडा
गोष्ट छान आहे पण मागाहून जुळवलेली. 'पैसे अक्कलखाती गेले' म्हणताना कुणाला उंट दिसतो? आणि इब्न फ़ारिसचंच काढलंत तर ज-म-ल बघा, तिथे त्याने दोन मुळं दिलीत, एक गोळा होणं आणि अंगाने थोराड असणं, दुसरं सौंदर्य. जमल म्हणजे उंट, जमाल म्हणजे सौंदर्य, आणि आपल्या जुन्या हिशेबांतला जुमला म्हणजे एकूण. तुमच्या साक्षीदारानेच सगळं एका दोरीत ओवलं नाही. शिवाय आक़ूल म्हणजे नदीचं वळण. बगदादच्या खाली तैग्रिसकाठी दैर अल-आक़ूल नावाचं गाव होतं, ८७६ साली तिथे खलिफाच्या फौजेने इराणातल्या सफ़्फ़ारी घराण्याच्या याक़ूबला हरवलं. हिब्रूतही याच अक्षरांचा अर्थ वाकडं. मग मूळ काय, बांधणं की वाकणं?

रानवाट
पाय दुमडल्याशिवाय दोरी बसतच नाही. वाकवून बांधतात.

कोशकिडा
हेच म्हणतोय मी. कुठलाही अर्थ आणा, तुमची गाठ तयार. याला पुरावा नाही म्हणत, हातचलाखी म्हणतात.

शुद्धमराठी
मुळात अक्कल हवी कशाला मराठीत? बुद्धी आहे ना. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का? साडेतीनशे वर्षं झाली तरी आपण तेच शब्द कवटाळून बसलोय.

दापोलीची
मग अक्कलदाढेला बुद्धीदाढ म्हणा आणि दातांच्या डॉक्टरला समजावून सांगा. अरबीतही ती अक्कलेचीच दाढ, दिर्स अल-अक़्ल. माझ्या वडिलांना शाळेत एक मास्तर 'तुमचे शब्द' म्हणून डिवचायचे. घरात तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली मराठीच बोलतो. आजी मला दिवसातून दहा वेळा 'अक्कल गहाण ठेवलीस काय गो' म्हणायची. तो शब्द तिचा आहे, माझा आहे आणि तुमचाही आहे.

शुद्धमराठी
मी कुणाच्या आजीबद्दल बोललो नाही, उगाच अंगावर येऊ नका. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्यांनाही फारसी कळत नव्हती म्हणाल का?

बापू_साताऱ्याचे
माझ्या आजोबांची वही अजून आहे माझ्याकडे, लाल कापडाची. ७२ च्या दुष्काळात भागीत विहीर खोदायला घेतली, अर्ध्यात भागीदार पैसे घेऊन परागंदा झाला. आजोबांनी रक्कम लिहिली, पुढे 'अक्कलखाती' एवढंच, खाली रेघ. मरेपर्यंत त्या माणसाला त्यांनी शिवी दिली नाही. तिथे 'बुद्धीखाती' लिहून ते मोकळे झाले असते का, सांगा.

शुद्धमराठी
अक्कलखातं ठेवा तुम्ही. बाकी माझं मत तेच.

दापोलीची
मूळ मुद्द्यावर येते. कुराणात अक़्ल हे नाम एकदाही नाही, फक्त क्रियापद येतं, ४९ वेळा, याक़िलून, ताक़िलून वगैरे. म्हणजे अक्कल ही जवळ असायची वस्तू नाही, करायचं काम आहे. आणि तिर्मिज़ीच्या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, आहे, एकाने त्यांना विचारलं उंट बांधू का मोकळा सोडून देवावर भरवसा ठेवू, उत्तर आलं आधी बांध, मग भरवसा ठेव. तिथे 'बांध' साठी हेच क्रियापद, इअक़िल्हा. कोशकिडा, हे कुणी मागाहून जुळवलं?

कोशकिडा
ठीक, दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते, मान्य. एकातून दुसरा निघाला हे त्यावरून ठरत नाही. खुनाच्या भरपाईचं मात्र पटतं, तिथे दोरी खरोखरच आहे.

बापू_साताऱ्याचे
उंट दिसतो का असं विचारलंत ना मघाशी? 'खर्चाला पायबंद घाला' म्हणताना घोडा दिसतो का तुम्हाला? पायबंद म्हणजे घोड्याच्या पायांना बांधायची दोरी. आता घोडा गेला, दोरीही गेली, अर्थ राहिलाच की.

शुद्धमराठी
पायबंदही फारसीच.

दापोलीची
त्यातला बंद आणि संस्कृत बंध सख्खे भाऊ आहेत, तो कुठून हाकलणार?

कोशकिडा
बापू, घोड्याचं मान्य. उंटाचं अजून नाही.