पक्षाघात: रुग्णालयात पोहोचल्यानंतरचा वेळ कसा वाचवावा?

प्रश्न: मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, मग रुग्णालयात पोहोचल्यावरही तासभर का जावा?

उत्तर १: फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठ रुग्णालयाने रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त लागणारा वेळ) १९९८ मधील १०५ मिनिटांवरून २०११ पर्यंत २० मिनिटांवर आणला. रुग्णवाहिकेतूनच पूर्वसूचना मिळे, रुग्णाला खाटेवर न हलवता त्याच स्ट्रेचरवरून थेट सीटी स्कॅनकडे नेत आणि औषधही तिथेच सुरू करीत.

उत्तर २: मेलबर्नमध्येही ही पद्धत लागू पडली. मात्र रक्तातील साखर आधी पाहावीच, कारण ती उतरल्यानेही पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे यंत्र नव्हे, कामांचा क्रम बदलायचा. आमच्याकडे तर केसपेपर निघेपर्यंत रुग्ण दारातच थांबतो.

उत्तर १: केसपेपर नातेवाईकांनी काढावा, रुग्ण पुढे जावा.