शिंगाळ्याच्या तोंडात अंडी निघाली, हा काय प्रकार?

खाडीकाठ:
काल बाजारातून शिंगाळा (मिशांचा समुद्री मासा) घेतला. मावशी साफ करायला बसल्या आणि डोकं तोडताना तोंडातून पिवळट गोळे घरंगळले, गोट्यांएवढे, मोजले तर ३४ भरले. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या माशाची अंडी खाल्ली असणार, पण मावशी म्हणाल्या ह्याचीच आहेत, पोरं सांभाळतोय तो. पोटात गाबोळी (अंड्यांची पिशवी) नव्हतीच. खरंय का हे?

दर्या०९:
मावशी बरोबर बोलल्या, आणि तो नर होता. मादी अंडी घालते, बाप ती तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर आली तरी त्यांच्या पोटाला लागलेला बलक संपत येईपर्यंत सोडत नाही. कित्येक आठवडे चालतं हे, आणि तेवढे दिवस तो उपाशी. श्वासासाठी तोंडातून कल्ल्यांकडे जे पाणी जातं ना, तेच अंड्यांवरून फिरत राहतं, त्यामुळे त्यांना ऑक्सिजन मिळतो.

खाडीकाठ:
अरे हो, आतडं अगदी दोरीसारखं बारीक होतं! आणि काही गोळ्यांत दोन दोन काळे ठिपके दिसत होते.

दर्या०९:
ते पिल्लांचे डोळे.

मालवणची_लेक:
आमच्या बाबांची होडी होती. जाळं वर आलं की शिंगाळे तोंड वासायचे आणि अंडी फळीवर सांडायची. बाबा ओंजळीने परत पाण्यात सोडायचे, पण बापाच्या तोंडाबाहेर त्यांना राखणार कोण, म्हणून ते त्या दिवशी गप्पच असायचे.

दर्या०९:
हेच तर दुखणं आहे. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते, शिंगाळ्याची मोजून काही डझन, त्यामुळे एक बाप मारला की अख्खी वीण गेली. १९८० च्या सुमारास मंगळूरला पर्ससीनवाल्यांच्या, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या बोटींच्या, जाळ्यात असे अंडी धरलेले नर थव्याने सापडले होते, तेव्हा संशोधकांनी लिहूनही ठेवलंय. माझं स्पष्ट मत, असा मासा दिसला तर घेऊच नये, मागणी नसेल तर कोळीदादाही तो थवा सोडून देईल.

खाडीकाठ:
पण बाजारात ओळखायचा कसा?

मालवणची_लेक:
गळ्याखाली हात लावून बघा ताई, पिशवीसारखा फुगलेला लागतो.

खाडीकाठ:
आमचा तसाच होता. गळा भरलेला दिसला म्हणून मी मुद्दाम तोच निवडला होता.